गाविलगडच्या तोफा आणि भिलाईचे ट्रेलर



या व्याख्यानमालेत आपण लढायांबद्दल बोलतो, किल्ल्यांबद्दल बोलतो, सेनापतींच्या निर्णयांबद्दल बोलतो. आज ओझ्याबद्दल बोलू. लढाई जिंकायची तर आधी तोफ जागेवर पोहोचावी लागते, आणि ती पोहोचवणाऱ्याचं नाव इतिहासात सहसा येत नाही.

या विषयाला निमित्तही आहे. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांतून अधूनमधून एक प्रश्न येतो. सात टनांचा घरासारखा ट्रेलर घ्यायचा आहे, आत स्वयंपाकघर, झोपायची खोली, सगळं. त्याला तिकडे ‘फिफ्थ व्हील’ म्हणतात. तो ओढायला कोणती पिकअप घ्यावी? प्रश्नाच्या मागोमाग हॉर्सपॉवरचे आकडे येतात: हिची एवढी, तिची तेवढी. प्रश्न भिलाईच्या माणसाला विचारला हे ठीकच झालं. आमच्या जी. ई. रोडवर, म्हणजे जुन्या ग्रेट ईस्टर्न रोडवर, पोलादाच्या प्लेटा आणि कॉइल लादलेले ट्रेलर रात्रंदिवस चालतात. ओझं ओढायचं म्हणजे काय, हे इथे रस्त्याच्या कडेला उभं राहिलं तरी कळतं.

माझं उत्तर थोडक्यात सांगतो, मग ते इतिहासातून तपासू. ‘किती ओढते’ हा प्रश्न शेवटी विचारा. त्याच्या आधी तीन प्रश्न आहेत. पाठीवर किती पेलते? उतारावर किती आवरते? आणि वाट कोणती आहे? हे तिन्ही प्रश्न मोटारीच्या आधीपासूनचे आहेत.

सुरुवात बैलगाडीपासून करू. आपली साधी गाडी दोन चाकांची. तिचं ओझं दोन ठिकाणी टेकतं: बरंचसं चाकांवर आणि थोडं जुवातून बैलांच्या मानेवर. गाडी भरताना शेतकरी पोती मागेपुढे सरकवत बसतो ती हौस म्हणून नव्हे. पोती मागे जास्त झाली की गाडी उलाळते, धुरा वर जातात आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त झाली की सगळा भार मानेवर येतो, खांदे सोलवटतात, बैल बसतो. गाडीत एकूण वजन तेच. फक्त ते कुठे ठेवलं यावर बैल संध्याकाळी घरी पोहोचणार की वाटेत बसणार, हे ठरतं.

तोफेच्या गाड्याची रचना याहून एक पाऊल पुढची होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची मैदानी तोफ दोन चाकांवर असे आणि तिची शेपटी जमिनीला टेके. कूच करताना ती शेपटी उचलून दोन चाकांच्या एका छोट्या गाडीवर खुंटीत अडकवत. त्या छोट्या गाडीला इंग्रजीत लिंबर म्हणतात. शेपटीचा भार लिंबरच्या चाकांनी घ्यायचा, जनावरांनी फक्त ओढायचं, आणि वळणावर तोफ आणि लिंबर खुंटीभोवती मोकळेपणी फिरायचे. पेलणारा वेगळा आणि ओढणारा वेगळा. ही कल्पना लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा येणार आहे.

आता १८०३ साल. दुसरं इंग्रज-मराठा युद्ध. २३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यात असईला लढाई झाली. समोर शिंद्यांचा कवायती तोफखाना होता आणि तो उत्तम होता. त्याच्या माऱ्यात आर्थर वेलस्लीच्या तोफांचे बैल आणि गोलंदाज इतके पडले की त्याच्या तोफा जागच्या हलेनात. अखेर त्या मागे सोडून पायदळाला संगिनी लावून पुढे जावं लागलं. लढाई त्याने जिंकली, पण भयंकर किंमत देऊन. तोफा शाबूत होत्या की नव्हत्या हा मुद्दाच उरला नाही. ओढणारा पडला की तोफ म्हणजे चाकांवरचं लोखंड.

तीन महिन्यांच्या आत दुसरा धडा आला, आणि आजच्या विषयाच्या दृष्टीने तो अधिक मोलाचा आहे. २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई संपल्यावर इंग्रज फौजा गाविलगडाकडे वळल्या. हा नागपूरकर भोसल्यांचा किल्ला, आजच्या अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याजवळ, सातपुड्याच्या कड्यावर. दक्षिणेकडून, म्हणजे वऱ्हाडच्या सपाटीकडून, किल्ला समोर दिसतो आणि अंतरही थोडं. पण तो चढ उभा. माणूस चढेल, वेढ्याची जड तोफ चढणार नाही. उत्तरेला मात्र किल्ल्यासमोर लबाड्याचं पठार आहे आणि त्या बाजूची तटबंदी फोडता येण्यासारखी होती. अडचण अशी, की तिथे पोहोचायचं तर डोंगरातून सुमारे ३० मैलांचा फेरा घ्यावा लागणार आणि त्या वाटेवर रस्ता असा नव्हताच.

वेलस्लीने जवळची वाट सोडली आणि लांबची निवडली. कर्नल स्टीव्हन्सनची तुकडी अचलपूरकडून ७ डिसेंबरला डोंगरात शिरली. तिच्यापाशी १८ पौंडी आणि १२ पौंडी लोखंडी तोफा होत्या. १८ पौंडी वेढ्याच्या तोफेची नुसती नळी दोन टनांच्या आसपास असते, गाडा वेगळा. सैनिकांनी आधी वाट तयार करायची, मग तिच्यावरून तोफ न्यायची, असं काम चाललं. जवळजवळ सगळी वाट तोफा दोर लावून माणसांनी हाताने ओढल्या, असं वेलस्लीच्या अहवालात आहे. १२ तारखेला तुकडी लबाड्याला पोहोचली, त्याच रात्री मोर्चे बांधायला घेतले, आणि १५ डिसेंबरला किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंह लढता लढता मारला गेला.

बैल असताना माणसांनी का ओढलं? लष्करी माणूस म्हणून माझं वाचन असं आहे. बैल चढावर जीव तोडून ओढतो. पण सातपुड्यात नुसता चढ नाही, दर चढापुढे दरी आहे. उतारावर तोफ मागून ढकलू लागते आणि लांब दोराला जुंपलेल्या बैलांच्या रांगेला ती मागे खेचून धरता येत नाही. दोर तणावात असतो तोवरच बैलाचा उपयोग. दोर सैल पडला की तोफ बैलांच्या अंगावर येते. माणसं मात्र पुढून सुटून मागे जाऊ शकतात, तोच दोर उलट धरून पाय रोवू शकतात, चाकाखाली दगड सारू शकतात. ताकद बैलात जास्त होती, आवर माणसांत जास्त होता. डोंगरात आवर जिंकला.

गाविलगड पडल्यावर दोनच दिवसांत, १७ डिसेंबर १८०३ रोजी, देवगावचा तह झाला. भोसल्यांच्या हातून कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड गेला. नागपूर आणि छत्तीसगड त्यांच्याकडे राहिलं, ते पुढे १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा होईपर्यंत. आज भिलाई, दुर्ग, रायपूर, राजनांदगाव भागात मराठी बोलणारी जुनी घरं आहेत. त्यांचे पूर्वज ज्या राज्याबरोबर इकडे आले, त्या राज्याचा नकाशा सातपुड्यात हाताने ओढलेल्या मूठभर तोफांनी बदलला. म्हणून म्हणतो, ओझं कसं न्यायचं हा कारकुनी प्रश्न नाही.

हत्तीचाही उल्लेख करायला हवा. पुढच्या काळात हिंदुस्थानातल्या इंग्रज फौजेत वेढ्याच्या जड तोफांना हत्ती जुंपत. ताकदीत त्याला तोड नाही. पण शत्रूचे गोळे पडू लागले की हत्ती बुजतो. म्हणून माऱ्याच्या टप्प्याच्या अलीकडे हत्ती सोडायचे आणि पुढचा थोडा पल्ला बैल जुंपून तोफ न्यायची, अशी पद्धत होती. सर्वांत बलवान जनावर सर्वांत महत्त्वाच्या क्षणी बाजूला उभं! निवड करताना ताकदीचा आकडा एकटाच पाहिला तर काय होतं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

आता मोटारीच्या युगात येऊ. ‘फिफ्थ व्हील’ म्हणजे पाचवं चाक. हे नाव घोडागाडीच्या काळातलं आहे. चार चाकी बग्गीचा पुढचा कणा वळावा म्हणून त्याच्यावर एक आडवी लोखंडी कडी बसवत, तेच पाचवं चाक. १९१४ मध्ये अमेरिकेत डेट्रॉईटला ऑगस्ट फ्रुहॉफ नावाच्या लोहाराकडे लाकडाचा व्यापारी फ्रेडरिक सिब्ली आला. त्याला आपली होडी तलावापर्यंत न्यायची होती आणि त्याच्याकडे फोर्डची मॉडेल टी मोटार होती. फ्रुहॉफने मोटारीला मागून जोडायची एक गाडी बनवली. तिला स्वतःची मागची चाकं होती आणि पुढचं टोक मोटारीवर टेकत होतं. ती इतकी सोयीची ठरली की सिब्लीने लाकूड वाहायलाही तशीच मागवली. फ्रुहॉफने तिला ‘सेमी-ट्रेलर’ म्हटलं, म्हणजे अर्धा ट्रेलर, कारण अर्ध्या ओझ्याची जबाबदारी पुढच्या गाडीवर. १९१५च्या सुमारास चार्ल्स मार्टिनने जोडणीसाठी डोलणारं ‘पाचवं चाक’ आणलं आणि जोडणं-सोडणं सोपं झालं. मॉडेल टीचं इंजिन २० हॉर्सपॉवरचं होतं. पाठीवर वाहून नेता येईल त्याच्या कितीतरी पट ओझं मागे जोडून नेता येतं, हे तेवढ्या इंजिनाने दाखवून दिलं.

रचना ओळखीची वाटली का? दोन टेकणी, मध्ये खुंटी. बैलगाडीचं जू आणि तोफेची शेपटी, दोन्ही एकत्र. ट्रेलरच्या पोटाखालची खुंटी म्हणजे किंगपिन. बहुतेक ट्रेलरांत ती दोन इंच जाडीची असते, आणि आपले ड्रायव्हर सगळा ट्रेलर त्या दोन इंचांच्या भरवशावर नेतात.

दुसऱ्या महायुद्धात रणगाडे वाहून नेण्यासाठी ब्रिटिशांकडे स्कॅमेल पायोनियर नावाचा ट्रॅक्टर होता. मागचा ट्रेलर ३० टनी. इंजिन किती? गार्डनरचं, १०२ हॉर्सपॉवरचं. आज शहरात नुसती मिरवायला घेतलेल्या पिकअपलाही याहून जास्त हॉर्सपॉवर असते. स्कॅमेल हळू चालायचा, पण त्याचे गिअर, त्याचे कणे, त्याची चौकट त्या ओझ्यासाठी बनवलेली होती. त्याच काळातल्या डायमंड टी ट्रॅक्टरमागे ट्रेलर आकड्याने जोडायचा, त्यामुळे ट्रेलरचा भार ट्रॅक्टरवर येत नसे. मग काय केलं? ट्रॅक्टरच्याच पाठीवर एक पेटी ठेवून तिच्यात मुद्दाम वजन भरलं. चाकांवर भार नसेल तर रबर रस्ता पकडत नाही, आणि पकड नसेल तर इंजिनाची ताकद चाकं जागच्या जागी फिरवण्यात जाते.

आता भिलाईला परत येऊ. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि या भागात जड ओझं ही रोजची गोष्ट झाली. कारखान्याचे रूळ रेल्वेनेच जातात, पण प्लेटा, यंत्रांचे भाग, आजूबाजूच्या कारखान्यांचा माल रस्त्यावर येतो. इथल्या धंद्यात ट्रेलरच्या पुढच्या इंजिनाच्या भागाला ‘घोडा’ म्हणतात. नाव अजून जनावराचंच आहे.

या घोड्याचा हिशोब बघा. २०१८ मध्ये केंद्र सरकारने कण्यांवरच्या भाराची मर्यादा वाढवली. त्यानुसार घोड्याच्या पुढच्या कण्यावर ७ टन, मागच्या जोडकण्यांवर २१ टन आणि ट्रेलरच्या तीन कण्यांवर २७ टन. बेरीज ५५ टन. म्हणजे ५५ पैकी २८ टन, अर्ध्याहून जास्त, घोड्याच्याच चाकांवर उभे आहेत. घोड्याचं स्वतःचं वजन ९-१० टन धरलं, तर सुमारे १८ टन ट्रेलरने त्याच्या पाठीवर टेकवले. आणि असं ५५ टनी ओझं ओढणाऱ्या घोड्यांत ३०० हॉर्सपॉवरच्या आसपासचं इंजिन पुरतं. टनामागे साडेपाच हॉर्सपॉवर!

आता अमेरिकेतल्या त्या प्रश्नाचा हिशोब याच पाटीवर मांडू. ट्रेलर ७ टन. फिफ्थ व्हील पद्धतीच्या राहत्या ट्रेलरचा साधारण पाचवा भाग खुंटीवर येतो, म्हणजे १,४०० किलो. हौद्यात बसवायच्या जोडणीचं वजन १०० किलो धरा. चार माणसं ३०० किलो. हौद्यातलं सामान, सायकली, अवजारं मिळून आणखी १०० किलो. झाले १,९०० किलो, आणि हे सगळं पिकअपच्या अंगावर. ट्रेलर अजून ओढायला सुरुवातही झालेली नाही. पिकअप ३.५ टनांची आणि २०० हॉर्सपॉवरची धरली, तरी टनामागे १९ हॉर्सपॉवर पडतात. भिलाईच्या घोड्याच्या तिपटीहून जास्त. तरीही ती गाडी या कामाला अपुरी असू शकते, कारण तिच्या मागच्या कण्याची, टायरची आणि स्प्रिंगची ऐपत १,९०० किलोंची नसते. मागचा भाग दबतो, पुढची चाकं हलकी होतात, आणि जी चाकं वळवायची आणि थांबवायची त्यांचीच पकड सुटते. बैलगाडीत ओझं चुकीच्या जागी पडलं की बैल बसायचा, तसंच.

म्हणून तिकडच्या मंडळींना सांगणं असं. जाहिरातीतला ‘ओढण्याचा’ आकडा बाजूला ठेवा. ड्रायव्हरचं दार उघडा, चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं, ते वाचा. तो आकडा त्याच गाडीचा असतो, छापील पुस्तकातल्या नमुन्याचा नसतो. मग कणा आणि टायरची मर्यादा वाचा. आणि ट्रेलर रिकामा नाही, पाणी-सामानासह भरून वजनकाट्यावर तोला. सात टनांच्या ट्रेलरला बहुतेक वेळा मागे दुहेरी चाकांची मोठी पिकअपच लागते, असं या हिशोबातून निघतं.

दुसरा प्रश्न आवरण्याचा. छत्तीसगडात कांकेरहून बस्तरकडे जाताना केशकालचा घाट लागतो. एकामागून एक नागमोडी वळणं, आणि घाटात तेलीन सतीचं मंदिर, जिथे ड्रायव्हर हात जोडतात. समजा ४० टनांचा ट्रेलर कुठल्याही घाटात २०० मीटर खाली उतरला. त्या उतरण्यातली ऊर्जा कुठेतरी जायला हवी. ती सगळी ब्रेकमध्ये गेली तर होणारी उष्णता अडीचशे लिटरहून जास्त पाणी उकळीला आणेल एवढी असते. ७ टनांचा ट्रेलर आणि साडेतीन टनांची पिकअप असेल तर सुमारे ७० लिटर. ब्रेकचे ड्रम एवढे तापले की पकड सोडतात. पायाखाली पेडल असतं, गाडी मात्र थांबत नाही. म्हणून जाणता ड्रायव्हर घाट सुरू होण्याआधीच खालचा गिअर घालतो आणि ओझं इंजिनावर तोलून उतरवतो. न्यूट्रलमध्ये घाट उतरून डिझेल वाचवणारा शहाणा नव्हे, तो गाविलगडच्या दरीत दोर सोडून देणारा माणूस आहे.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत, आणि ते पुढच्या गाडीच्या ब्रेकांबरोबर किंवा किंचित आधी लागायला हवेत. पुढची गाडी थांबली आणि मागचं ओझं ढकलत राहिलं, तर दोन्ही खुंटीपाशी दुमडतात, खिशातल्या चाकूचं पातं मुठीत मिटावं तसे. मध्ये सापडणारी केबिन आपली असते. मोठ्या ट्रेलरची हवेची नळी तुटली तर त्याचे ब्रेक आपोआप लागतात. राहत्या ट्रेलरला विजेचे ब्रेक असतात, आणि तो सुटला तर ते लावणारी एक लहानशी तार असते. दर प्रवासाआधी ती तार तपासणं हे चहाइतकं सवयीचं व्हायला हवं.

तिसरा प्रश्न वाटेचा. वेलस्लीने ३० मैलांचा फेरा पत्करला, कारण जवळच्या वाटेने तोफ जाणार नव्हती. आजही नकाशात दिसणारा आखूड रस्ता ट्रेलरचा असेलच असं नाही. पुलाची मर्यादा, वळणाची रुंदी, कमानीची उंची, परत फिरायला जागा, हे आधी पाहायचं. फौजेत काफिला निघण्याआधी एक जीप वाट पाहून येते. जे काफिला चालवतात त्यांना ती जीप किती महत्त्वाची हे सांगावं लागत नाही.

भारतात कोणी हे करू पाहत असेल तर एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आपल्याकडच्या माल वाहायच्या पिकअप साधारण सव्वा ते दीड टन पेलण्यासाठी बनवल्या आहेत. त्यांच्या हौद्यावर पाचवं चाक वेल्डिंग करून जड ट्रेलर जोडणं धोक्याचं आहे. आणि कंपनीने दिलेल्या रचनेत मनाने असा बदल करायला मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलमही आडवं येतं. ओझं जड असेल तर त्या ओझ्यासाठी बनवलेला घोडा घ्या, आणि तो चालवायला त्या कामातला ड्रायव्हर घ्या.

त्या ड्रायव्हरबद्दल दोन शब्द, मग थांबतो. स्टीव्हन्सनच्या तुकडीतल्या ज्या माणसांनी दोर ओढले त्यांची नावं अहवालात नाहीत. जी. ई. रोडवरून रात्री ५५ टन घेऊन जाणाऱ्याचं नावही आपल्याला ठाऊक नसतं. आपण करू शकतो ते एवढंच, की त्याच्यापुढे अचानक गाडी घालू नये. आपल्याला जिथे थांबायला दहा पावलं लागतात तिथे त्याला कितीतरी जास्त लागतात, आणि त्याच्या पाठीवरचे १८ टन त्याचं ऐकेपर्यंत वेळ जातो. तो हॉर्न वाजवतो तेव्हा बहुधा तो रागावलेला नसतो. तो आपल्याला आपला हिशोब सांगत असतो.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.